फोटोतले दाणे आयएसओमुळे नाही, उजेड कमी पडल्यामुळे येतात

आपल्या नाशकात पिंपळपारावरच्या पाडवा पहाटला पहिल्यांदा कॅमेरा घेऊन गेलो तेव्हा आयएसओ, म्हणजे आलेला उजेड कॅमेऱ्याने किती वाढवून दाखवायचा तो आकडा, ४०० च्या वर जाऊच दिला नाही, कारण वाढवला की फोटो खराब होतो असं डोक्यात पक्कं बसलेलं. घरी येऊन बघतो तर तबलजींचे हात म्हणजे नुसता पांढरा धूर आणि गायकाचा चेहरा काळा, तो उजळायला गेलो तर गालावर सगळे दाणेच दाणे.

हे दाणे येतात कुठून? पावसाची भुरभुर सुरू झाली की अंगणातल्या एका फरशीवर चार थेंब पडतात, शेजारचीवर नऊ, पण धो धो पडला की सगळ्या फरशा सारख्याच भिजतात. उजेडही असाच थेंबाथेंबाने येतो, त्या थेंबांना फोटॉन म्हणायचं. फरशीच्या जागी पिक्सेल, म्हणजे फोटोतला एक ठिपका, धरा. त्यावर सरासरी १०० फोटॉन पडले तर साधारण १० इकडेतिकडे होतात, म्हणजे १० टक्के, आणि १०,००० पडले तर १००, म्हणजे फक्त १ टक्का. आयएसओ जे मिळालंय तेच मोठं करतो, आणि तो कमी ठेवून नंतर फोटो उजळला तरी दाणे तेवढेच राहतात, बऱ्याचदा वाढतातसुद्धा.

म्हणून पैसे लेन्सवर घाला. किट लेन्स, म्हणजे कॅमेऱ्याबरोबर मिळते ती, झूम केली की एफ ५.६ वर येते (एफचा आकडा जितका लहान तितकं लेन्सचं तोंड मोठं) आणि साधी ५० एमएमची एफ १.८ वाली तिच्या जवळजवळ दहापट उजेड आत घेते, हा फरक बॉडी बदलून मिळत नाही. फ्लॅशचा विचारच नको, दूरवर तो पोचत नाही आणि गाणाऱ्याची तंद्री मोडते ती वेगळीच.

कालिदास कलामंदिरासारख्या बंद हॉलमध्ये रंगीत लाइटचा घोळ असतो. बहुतेक कॅमेऱ्यांच्या सेन्सरवर निम्मे पिक्सेल हिरव्याचे, पाव लाल आणि पाव निळ्याचे, त्यामुळे नुसता लाल लाइट असला की पाव पिक्सेलच नीट काम करतात आणि चेहरा लाल डागासारखा दिसतो, तेव्हा थोडं थांबा, पांढरा लाइट येऊ द्या. एलईडीमुळे फोटोत आडवे पट्टे आले तर शटर १/१०० करून बघा, म्हणजे ते सेकंदाचा शंभरावा भाग उघडं राहील, आपली वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. सायलेंट, म्हणजे आवाज न करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक शटरवर हे पट्टे जास्त येतात.

आता तबलजींचे हात. हात सेकंदाला २ मीटर वेगाने जातोय असं धरा, तर १/६० ला तो ३ सेंटिमीटरच्या वर सरकतो आणि १/५०० ला फक्त ४ मिलिमीटर. पण १/५०० ला पुरेल एवढा उजेड पहाटे नसतोच. मी १/२५०, एफ २ आणि आयएसओ ३२०० वर ठेवतो आणि ताल मोजत बसतो, कारण हात वर जाऊन खाली वळतो तिथे क्षणभर त्याचा वेग शून्य होतो, त्या क्षणी बटण दाबलं तर १/१२५ लासुद्धा बोटावरची पावडर दिसते.