21 वर्षांखालील आरोपीसाठी परिविक्षा: पात्रता, कागदपत्रे आणि नंतरची चारित्र्य पडताळणी

न्यायाधीन बंदी म्हणून, म्हणजे खटला चालू असताना, येरवड्याच्या किंवा तळोज्याच्या तुरुंगात काही महिने काढलेला मुलगा दोषी ठरला, की आता शिक्षा भोगण्यावाचून मार्ग नाही, असे घरचे धरून चालतात. अपराधी परिविक्षा अधिनियम, 1958 त्याला परिविक्षेवर (प्रोबेशन), म्हणजे तुरुंगाऐवजी चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर, बाहेर राहून आयुष्य सावरण्याची संधी देतो. परिविक्षेची मागणी शिक्षेच्या मुद्द्यावरील सुनावणीतच वकिलामार्फत लेखी करावी. कोठडीतील व्यक्तीला उत्पन्नाची अट न लावता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो.

गुन्हा मृत्युदंडास किंवा जन्मठेपेस पात्र नसेल, तर कलम 4 नुसार न्यायालय दोषी व्यक्तीला चांगल्या वर्तणुकीच्या, जास्तीत जास्त 3 वर्षांच्या बंधपत्रावर (लेखी हमीवर) सोडू शकते. कलम 6 याहून पुढे जाते: गुन्हा जन्मठेपेस पात्र नसेल आणि आरोपी 21 वर्षांखालील असेल, तर परिविक्षा अधिकाऱ्याचा (आरोपीची चौकशी आणि देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्याचा) अहवाल मागवणे बंधनकारक असते आणि कारावास द्यायचाच झाला तर त्याची कारणे नोंदवावी लागतात. हे वय गुन्ह्याच्या दिवशीचे धरत नाहीत. आरोपीला दोषी ठरवून न्यायालय शिक्षेचा विचार करते त्या दिवशीचे धरतात, असे सर्वोच्च न्यायालयाने 1962 मध्ये रामजी मिसर प्रकरणात स्पष्ट केले. त्यामुळे खटला रेंगाळून आरोपी 21 वर्षांचा झाला तर कलम 6 चे संरक्षण हातचे जाते, कलम 4 तेवढे उरते. अमली पदार्थांच्या बहुतेक गुन्ह्यांत 18 वर्षांवरील व्यक्तीला हा लाभ नाही.

अर्जासोबत जन्मदाखला किंवा शाळा सोडल्याचा दाखला, आधार कार्ड, शिधापत्रिका आणि जामीनदाराचे कागद जोडावेत, कारण आरोपीचा किंवा जामीनदाराचा न्यायालयाच्या हद्दीत निश्चित पत्ता किंवा नियमित व्यवसाय आहे, अशी न्यायालयाची खात्री पटावी लागते. काम देण्यास तयार असलेल्या मालकाचे पत्र कायद्याने सक्तीचे नसले, तरी मिळाल्यास अवश्य जोडावे. परिविक्षा अधिकारी चौकशीला आल्यावर घरच्यांनी व्यसन, कर्ज, भांडणे यांपैकी काहीही लपवू नये. अहवाल गोपनीय असतो. मात्र न्यायालय त्याचा आशय आरोपीला कळवून त्याविरुद्ध पुरावा देण्याची संधी देऊ शकते.

बंधपत्रातील अट मोडल्यास मूळ गुन्ह्यासाठी शिक्षा होऊ शकते. देखरेखीच्या काळात गरज असेल तेथे योग्य रोजगार मिळवून देण्याचा प्रयत्न करणे हेही कलम 14 नुसार परिविक्षा अधिकाऱ्याचे कर्तव्य आहे, आणि ते करावे अशी विनंती मुलाने निःसंकोच करावी.

कलम 12 नुसार, दोषसिद्धीमुळे एखाद्या कायद्याखाली येणारी अपात्रता परिविक्षेवर सुटलेल्या व्यक्तीला लागू होत नाही, मात्र पुढे मूळ गुन्ह्यासाठीच शिक्षा झाली तर हे संरक्षण राहत नाही. दोषसिद्धी स्वतः पुसली जात नाही, हे नीट ध्यानात घ्यावे. नोकरीच्या पडताळणी अर्जात ती विचारली असेल, तर खरे लिहून आदेशाची प्रमाणित प्रत जोडावी. माहिती खरी दिली तरी उमेदवाराची पार्श्वभूमी तपासण्याचा नियोक्त्याचा अधिकार कायम राहतो. पण दडवलेली माहिती उघड झाल्यास तेवढ्यावरूनही नियुक्ती रद्द होऊ शकते, असे सर्वोच्च न्यायालयाच्या 2016 च्या अवतार सिंग निकालावरून दिसते.