छोट्या खोक्याला एवढे वॉट कशाला लागतात?

सबवूफर, म्हणजे फक्त खर्जासाठीचा स्पीकर: जेमतेम फूटभर लांबी-रुंदीचा खोका, वजन पंधरा किलोच्या आसपास, आणि मागच्या पत्र्यावर छापलेलं असतं १००० वॉट. घरातली इस्त्री साधारण तेवढ्याच वॉटची असते. इस्त्रीत विजेची उष्णता होते. सबवूफरमध्येही बहुतेक विजेची उष्णताच होते, आवाज होतो तो एका टक्क्याहूनही कमी भागाचा. तरीही छोट्या सबवूफरला हे वॉट खरोखरच लागतात. का लागतात ते कळलं, की दहा बाय बाराच्या खोलीसाठी काय घ्यावं आणि ते कुठे ठेवावं, हे ठरवणं सोपं जातं.

सुरुवात आपल्या कानापासून करू. १००० हर्ट्झचा (सेकंदाला हजार कंपनांचा) स्वर तीन-चार डेसिबललाही ऐकू येतो. २० हर्ट्झचा स्वर नुसता जाणवायलाच ७८ डेसिबलच्या आसपास पातळी लागते. त्यात भर म्हणजे, वारंवारता निम्मी केली की तेवढाच आवाज ठेवायला कोनला, म्हणजे स्पीकरच्या हलणाऱ्या शंकूला, चौपट हवा ढकलावी लागते. दहा इंची कोन पुढे-मागे १२-१२ मिलिमीटर हलतो असं धरा. जमिनीवर ठेवलेल्या अशा सबवूफरमधून एक मीटरवर ४० हर्ट्झला सुमारे १०५ डेसिबल मिळतात, २० हर्ट्झला मात्र फक्त ९३. ही मर्यादा कोनच्या आकाराची आणि हालचालीची आहे. वॉट वाढवून ती ओलांडता येत नाही. म्हणून खरेदी करताना वॉटच्या आधी कोनचा व्यास आणि तो किती हलतो, हे विचारावं.

मग वॉट जातात कुठे? खोक्यातल्या हवेशी झुंजण्यात. बंद खोक्यातली हवा स्प्रिंगसारखी वागते आणि खोका जितका लहान तितकी ती स्प्रिंग ताठ. उदाहरण घेऊ. एका ड्रायव्हरची (कोन आणि त्याला हलवणारी यंत्रणा) मोकळ्या हवेतली नैसर्गिक वारंवारता २५ हर्ट्झ आहे आणि त्याच्या लवचीकपणाची बरोबरी करणारी हवा ६० लिटर. तो २० लिटरच्या बंद खोक्यात बसवला, की वारंवारता थेट दुप्पट होऊन ५० हर्ट्झवर जाते. त्याखाली आवाज दर सप्तकाला, म्हणजे वारंवारता निम्मी होईल तसा, १२ डेसिबलने पडत जातो. २५ हर्ट्झला पडलेले ते १२ डेसिबल भरून काढायचे, तर सोळापट शक्ती द्यावी लागते. जिथे ५० वॉट पुरले असते, तिथे ८००. लहान खोका, खोल खर्ज आणि कमी वीज, यांपैकी दोनच गोष्टी एका वेळी मिळतात. ध्वनिअभियंते याला हॉफमनचा नियम म्हणतात. अमेरिकी अभियंता बॉब कार्व्हर यांनी १९९६मध्ये सनफायर कंपनीचा अकरा इंची घनाकृती सबवूफर आणला, तेव्हा त्यात २७०० वॉटचा अॅम्प्लिफायर होता. तो आकडा याच हिशेबातून आलेला. आज वीज कमी वाया घालवणारे क्लास-डी अॅम्प्लिफायर आणि डिजिटल प्रक्रियेमुळे हेच काम स्वस्तात होतं.

यात जी उष्णता होते ती तांब्याच्या व्हॉइस कॉइलमध्ये, म्हणजे कोन हलवणाऱ्या तारेच्या वेटोळ्यात, साठते. कॉइल १०० अंशांनी तापली की तिचा रोध सुमारे ४० टक्के वाढतो आणि तोच व्हॉल्यूम ठेवूनही दणका ओसरतो. त्याआधीच बहुतेक छोट्या सबवूफरमधला लिमिटर (कोनवर अती ताण येऊ न देणारी व्यवस्था) सर्वांत खालचे स्वर कापून टाकतो. त्यामुळे व्हॉल्यूम वाढवत नेला की ५० हर्ट्झ वाढत राहतो, २५ हर्ट्झ मागेच राहतो. ऐकणाऱ्याला वाटतं, सबवूफर नुसता घुमतोय.

खोक्याला नळी, म्हणजे पोर्ट, लावून ही वीज वाचवता येते, पण लहान खोक्यात ती नळी मावत नाही. २० लिटरचा खोका २५ हर्ट्झला जुळवायचा तर साडेसात सेंटीमीटर व्यासाची नळी जवळजवळ एक मीटर लांब लागते आणि ती एकटीच चार लिटरहून जास्त जागा खाते. नळी बारीक केली तर लांबी कमी होते, पण मोठ्या आवाजात तिच्यातून हवा फसफसते. म्हणून लहान खोक्यांत एकतर नळीऐवजी पॅसिव्ह रेडिएटर, म्हणजे आतल्या हवेच्या दाबानेच हलणारा बिनविजेचा कोन, असतो, नाहीतर खोका सरळ बंद असतो.

छोट्या खोलीसाठी माझं मत बंद खोक्याच्या बाजूने आहे, आणि त्याचं कारण खोलीतच आहे. बारा फूट लांबीच्या खोलीत पहिली अनुनाद-वारंवारता (जिच्यावर खोली स्वतःच घुमते) सुमारे ४७ हर्ट्झ येते, दहा फुटांची ५६, साडेनऊ फुटांच्या छताची ५९. ४७ हर्ट्झच्या खाली लाटा खोलीत मावतच नाहीत. सबवूफर खोलीतल्या सगळ्या हवेचा दाब एकदम कमी-जास्त करतो. इथे खोली स्वतःच खर्ज वाढवते, तत्त्वतः दर सप्तकाला १२ डेसिबलपर्यंत. बंद खोका जेवढा पडतो, जवळपास तेवढंच! दाराच्या फटी आणि सरकत्या खिडक्या यातलं बरंच गळू देतात, पण विटांच्या आणि काँक्रीटच्या भिंतींत हा फायदा चांगला टिकतो. दार लावून आणि उघडून ऐका, फरक लगेच जाणवेल.

याच भिंती ४७ हर्ट्झचा स्वर मात्र नको इतका फुगवतात, आणि खोलीच्या अगदी मध्यभागी तोच स्वर गायब होतो. सोफा मध्यावर असेल तर आधी तो फूट-दीड फूट मागे घ्या. सबवूफरची जागा शोधायची रीत अशी: सबवूफरच सोफ्यावर, बसायच्या जागी ठेवा. ३० ते ८० हर्ट्झचा सावकाश चढणारा स्वर लावा आणि कान जमिनीजवळ ठेवून भिंतीकडेने फूट-फूट सरकत ऐका. जिथे सगळे स्वर सारखे ऐकू येतात, ती सबवूफरची जागा. ध्वनीचा उगम आणि कान यांची अदलाबदल केली तरी मधला मार्ग तोच राहतो, म्हणून ही युक्ती चालते. टीव्ही युनिटच्या कप्प्यात मात्र तो कोंबू नका. लाकूड घुमतं आणि अॅम्प्लिफायरला हवा मिळत नाही.

रिसीव्हरमध्ये (स्पीकरना आवाज वाटून देणाऱ्या पेटीत) सर्व स्पीकर 'स्मॉल', म्हणजे त्यांचा खर्ज सबवूफरकडे जाईल, क्रॉसओव्हर, म्हणजे ही वाटणी जिथे होते ती वारंवारता, ८० हर्ट्झ, आणि सबवूफरवरची फिल्टरची कळ पूर्ण वर. नाहीतर दोन फिल्टर एकावर एक बसतात आणि मधला भाग पोकळ होतो. मग ८० हर्ट्झचा स्वर लावून सबवूफरवरची ध्रुवतेची (कोन आधी पुढे की मागे हलेल याची) कळ ० आणि १८० करून पाहा. बसायच्या जागी ज्यात आवाज मोठा येतो ती ठेवा. रिसीव्हरने आपोआप मोजलेलं सबवूफरचं अंतर टेपपेक्षा एक-दीड मीटर जास्त आलं तर ते बदलू नका. आतल्या डिजिटल प्रक्रियेला काही मिलिसेकंद लागतात आणि दर मिलिसेकंदाला आवाज ३४ सेंटीमीटर जातो. इक्वलायझरने (वेगवेगळे स्वर कमी-जास्त करणाऱ्या सोयीने) फुगलेले स्वर खुशाल कापा, गायब झालेले भरायला जाऊ नका. तिथे ६ डेसिबल वाढवले तर शक्ती चौपट खर्च होते, आणि भिंतीवरून परतणारी लाटही तितकीच वाढून पुन्हा त्याला खोडून टाकते.

पैसे असतील तर एका मोठ्याऐवजी दोन लहान घ्या, समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर. हरमन कंपनीतल्या टॉड वेल्टी यांनी २००२मध्ये नेमका हाच प्रश्न तपासला होता, की सबवूफर किती पुरेत. दोन समोरासमोर ठेवले की त्या दिशेचा पहिला अनुनाद दोन्हीकडून उलट ढकलला जाऊन विझतो आणि शेजारी-शेजारी बसलेल्यांना सारखंच ऐकू येतं.

आता खोक्याच्या थरथरीचं. २०० ग्रॅमचा कोन ४० हर्ट्झला १२ मिलिमीटर हलतो, तेव्हा खोक्याला सुमारे १५ किलो वजनाइतका धक्का बसतो, सेकंदाला चाळीस वेळा, आलटून पालटून. म्हणून हलका खोका गुळगुळीत टाइल्सवर सरकतो. केईएफ कंपनीच्या केसी-६२ या छोट्या सबवूफरमध्ये साडेसहा इंची दोन कोन पाठीला पाठ लावून बसवलेत, त्यामुळे धक्के एकमेकांना तिथेच खोडतात. एकच कोन असेल तर खाली मऊ रबरी पाय हवेत. त्याने स्लॅबमध्ये उतरणारी थरथर कमी होते. हवेतून शेजारी जाणारा खर्ज मात्र भिंतीच अडवतील तेवढाच अडतो. रात्री रिसीव्हरचा 'नाइट मोड' (मोठे आवाज दाबणारी सोय) लावा आणि सबवूफर ४-५ डेसिबलने उतरवा.

झणझण येत असेल तर दोष बहुधा सबवूफरचा नसतो. सावकाश चढणारा स्वर पुन्हा लावा, झणझण सुरू होईल त्या वारंवारतेवर थांबवा आणि एकेका वस्तूवर तळहात दाबून पाहा: लोखंडी कपाटाचं दार, माळ्याची झडप, खिडकीची अॅल्युमिनियमची चौकट, पंख्याची वाटी, फोटोची काच. हात ठेवल्यावर जे गप्प होईल त्याच्या मागे फेल्टचा तुकडा चिकटवा.