कर्करोग संशोधनातील लोकसमूह–विद्यापीठ भागीदारी (कोकण किनारपट्टी)

ज्या लोकांमध्ये कर्करोगाचा अभ्यास होतो त्यांचे प्रतिनिधी आणि विद्यापीठातील किंवा वैद्यकीय महाविद्यालयातील संशोधक यांनी, प्रश्न ठरवण्यापासून निष्कर्ष सांगण्यापर्यंतचे निर्णय मिळून घेण्याची पद्धत. शिबिराला माणसे जमवून देणे किंवा सर्वेक्षकाला घरे दाखवणे एवढ्याने भागीदारी होत नाही. काय विचारायचे, कोणत्या शब्दांत विचारायचे, रक्ताचे नमुने कुठे राहणार आणि निधी कोणाच्या हातून खर्च होणार, या बाबतींत गावाचा शब्द चालत असेल तरच ही संज्ञा सार्थ ठरते.

या पद्धतीला ठळक रूप आले ते अमेरिकेतील स्तनकर्करोगग्रस्त स्त्रियांच्या चळवळीमुळे. न्यू यॉर्कजवळच्या लाँग आयलंडमधील स्त्रियांनी आपल्या भागात हा रोग एवढा का, हा प्रश्न लावून धरला आणि १९९३ मध्ये तेथील संसदेने कायदा करून त्याचा अभ्यास करवला. डीडीटीसारख्या क्लोरीनयुक्त कीटकनाशकांशी रोगाचा संबंध मात्र त्यात दिसून आला नाही. भागीदारीमुळे प्रश्न लोकांचा होतो, उत्तर मनासारखे येईलच असे नाही, हे यातून ध्यानात घेण्याजोगे आहे. कॅलिफोर्नियातील स्तनकर्करोग संशोधन कार्यक्रमात तर स्थानिक संस्थेचा प्रतिनिधी आणि संशोधक या दोघांना समान दर्जाचे प्रमुख मानून अनुदान देण्याची सोय झाली.

महाराष्ट्रात याच्या जवळ जाणारे काम बार्शी येथे झाले. १९८७ मध्ये तेथे देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. रुग्णालयाच्या नोंदवहीवर विसंबून न राहता कर्मचारी गावोगावी जात, जाणत्या माणसांना भेटत, लक्षणे समजावून सांगत आणि संशयित रुग्णांना तपासणीसाठी पाठवत. पुढे उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यात सुमारे १,३१,००० स्त्रियांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारणीभूत ठरणाऱ्या एचपीव्ही विषाणूच्या एका तपासणीने या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्याने घटल्याचे त्यात दिसले. तुलनेसाठी निवडलेल्या गटातील स्त्रियांची तपासणी न करणे योग्य होते का, यावर नंतर वाद झाला. असा निर्णय घेताना त्या स्त्रियांपैकी कोणी बैठकीत असावे, हीच या पद्धतीची मूळ मागणी आहे.

कोकणात डेरवण येथील वालावलकर रुग्णालय आणि मुंबईचे टाटा मेमोरियल केंद्र यांनी मिळून रत्नागिरी जिल्ह्यात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांच्या कर्करोगांच्या तपासणीचे काम केले आहे. या भागात स्थानिक सहभाग का लागतो, हे मशेरीच्या उदाहरणावरून चांगले कळते. तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेली तंबाखूची पूड अनेक स्त्रिया दातांना लावतात, पण ‘तुम्ही तंबाखू खाता का?’ या प्रश्नाला त्यांतली एखादी प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणू शकते, कारण तिच्या लेखी ते दात घासणे असते. प्रश्नावली तयार करताना बचत गटातील किंवा आशा म्हणून काम करणारी गावातलीच बाई सोबत असेल, तर ही चूक कागदावरच दुरुस्त होते. नाही तर सगळे आकडे चुकीच्या पायावर उभे राहतात.

वेळापत्रकाचेही तसेच. आषाढात लावणीच्या दिवसांत घरी कोणी सापडत नाही, तर १ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीच्या काळात खलाशी घरी असतात. शिमगा आणि गणपतीत चाकरमानी गावी येतात, पण त्या गर्दीत तपासणीला कोण बसणार, हे गावकीलाच विचारावे लागते.

कोकणापुरती सर्वांत अवघड बाब म्हणजे गाव नेमके कुठे आहे ही. अर्धे घर वाडीत आणि अर्धे मुंबईत असलेल्या कुटुंबात तरुणपण गिरणीत किंवा गोदीत घालवलेला माणूस म्हातारपणी गावी परततो आणि आजार कळल्यावर उपचारासाठी पुन्हा मुंबईत परळला, टाटा रुग्णालयात जातो. लोकसंख्याधारित नोंदणीत, म्हणजे ठरावीक भागातील सर्व रुग्णांची नोंद ठेवणाऱ्या नोंदणीत, रुग्ण त्याच्या नेहमीच्या वास्तव्याच्या ठिकाणी मोजला जातो. त्याने परळमधील नातेवाइकाचा पत्ता दिला तर गावाच्या आकड्यातून तो निसटू शकतो. उलट, त्याचा रोग मुंबईतील कामाशी निगडित असला तरी गावाच्या पाण्याकडे किंवा जवळच्या कारखान्याकडे बोट दाखवले जाते. हा घोळ सोडवण्यासाठी लागणारी माहिती, म्हणजे कोण कधी गेला, कुठे कामाला होता आणि केव्हा परतला, ही वाडीतल्या माणसांकडे आणि मुंबईच्या ग्रामस्थ मंडळाकडे असते. म्हणून येथील भागीदारीत ग्रामसभेइतकेच मंडळालाही स्थान हवे.

चाळीस उंबऱ्यांच्या वाडीत पाच वर्षांत चार रुग्ण निघाले, तर ते निव्वळ योगायोगानेही असू शकते. हे सांगताना संशोधकाने लोकांची भीती खोटी ठरवू नये, आणि आजूबाजूच्या वाड्यांचे आकडे गोळा होईपर्यंत लोकांनीही कारण ठरवून टाकू नये, एवढा विश्वास आधी जमवावा लागतो. त्याला महिने लागतात, आणि अनुदानाच्या मुदतीत ते महिने धरलेले नसतात.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या नैतिक मार्गदर्शक तत्त्वांत लोकसमूहाच्या सहभागावर भर आहे, मात्र समूहाची संमती ही व्यक्तीच्या संमतीची जागा घेऊ शकत नाही. सरपंचाने होकार दिला तरी प्रत्येक बाईला नकाराचा हक्क राहतो, आणि ज्या लहान वाडीत आडनावावरून माणूस ओळखता येतो तिथे निष्कर्ष वाडीच्या नावाने न छापता तालुक्याच्या नावाने छापणे इष्ट ठरते.