मातृवंदनेचा फॉर्म भरताय? आधी आधार आणि बँक खातं बघा

पहिल्या बाळंतपणाला मुलगी माहेरी येते. आधारवर माहेरचं आडनाव, दवाखान्याच्या कार्डावर सासरचं, आणि पासबुक सासरी कपाटात. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेचे माझ्या पाहण्यातले अर्ज अडकले ते इथेच. पात्रतेवरून अडलेला क्वचित एखादा.

गरोदर आणि बाळंतीण बायकांना रोख मदत देणारी ही योजना 1 जानेवारी 2017 पासून आहे. एप्रिल 2022 पासून तिचे नियम बदलले, तरी जुनी तीन हप्त्यांची माहिती अजून व्हॉट्सअपवर फिरते. आता पहिल्या अपत्याला, मुलगा असो वा मुलगी, दोन हप्त्यांत 5000 रुपये मिळतात. गरोदरपणाची नोंद आणि शेवटच्या पाळीपासून सहा महिन्यांच्या आत निदान एक तपासणी झाली की 3000. बाळाच्या जन्माची नोंद आणि लसींची पहिली फेरी झाली की उरलेले 2000. आशाताईंच्या भाषेत सांगायचं तर जन्माची बीसीजी, मग दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांचे डोस. साडेतीन महिन्यांचा डोस घरच्या कार्यक्रमांच्या गडबडीत राहतो आणि त्यासोबत हप्ताही.

दुसरं अपत्य मुलगी असेल तरच 6000 रुपये, तेही एकरकमी. दुसऱ्या खेपेला जुळं झालं आणि त्यात एक मुलगी असली तरी चालतं. मात्र गरोदरपणातली नोंद हवीच.

वय 18 वर्षे 7 महिने ते 55. सरकारी किंवा सार्वजनिक उपक्रमातल्या कायम नोकरदार बाईला, तसंच दुसऱ्या कायद्याखाली असाच लाभ घेणारीला, ही योजना नाही. बाकी निकषांपैकी एक पुरतो: अनुसूचित जाती-जमाती, 40 टक्के वा अधिक अपंगत्व, दारिद्र्यरेषेचं किंवा अन्नसुरक्षेचं रेशनकार्ड, आयुष्मान कार्ड, ई-श्रम, किसान सन्मान निधीतली शेतकरी महिला, रोजगार हमीचं जॉबकार्ड, किंवा कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 8 लाखांपेक्षा कमी. अंगणवाडी सेविका, मदतनीस आणि आशाताई स्वतः गरोदर असतील तर त्याही पात्र. रेशनचं धान्य मिळतंय ना? मग उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसीलच्या पायऱ्या चढू नका.

अर्ज अंगणवाडी सेविका किंवा आशाताईंकडे द्यायचा. शहरात महापालिकेच्या आरोग्य केंद्रात. योजनेच्या पोर्टलवर स्वतःही भरता येतो. सोबत आधार, पात्रतेचा कागद, खात्याची माहिती आणि माता-बाल कार्ड, म्हणजे ज्यावर शेवटच्या पाळीची तारीख आणि तपासण्या लिहिलेल्या असतात ते. दुसऱ्या हप्त्याला जन्मदाखला आणि लसींची नोंद. नवऱ्याचं आधार आता सक्तीचं नाही. एकट्या राहणाऱ्या, टाकलेल्या बायकांचं त्यामुळे पूर्वी अडायचं. हा बदल फार आधीच व्हायला हवा होता.

आता खात्याचं. पैसे येतात ते आधारशी जोडलेल्या खात्यात, आणि आधारशी थेट लाभासाठी एका वेळी एकच खातं जोडलेलं असतं. पासबुकची झेरॉक्स कुठलीही दिली तरी पैसे जातात त्याच खात्यात. आमच्या वहिनीने गावच्या बँकेचं पासबुक दिलं आणि तीन महिने तिथे एंट्री मारत बसली. पैसे कधीच जमा झाले होते, ‘लाडकी बहीण’साठी पोस्टात उघडलेल्या खात्यात! म्हणून आधी आधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग’, म्हणजे आधारशी कुठलं खातं जोडलंय ते, बघा किंवा बँकेत विचारा. नुसतं केवायसी झालं म्हणजे सीडिंग झालं असं नव्हे. त्याचा फॉर्म वेगळा असतो.

लग्नानंतर आधारवरचं नाव बदलायचं असेल तर अर्जाआधीच बदला, नाहीतर जुनंच राहू द्या. अर्ज अर्ध्यावर असताना बदललं की तपशील जुळत नाहीत आणि फाईल मागे येते.

अर्जाची मुदत बाळाच्या जन्मापासून 270 दिवस. ऊसतोडीला किंवा कामासाठी परगावी जाणार असाल तर कार्ड सोबत न्या. पुढच्या लसी तिथल्या केंद्रात घेऊन नोंद त्याच कार्डावर करून घ्या. गर्भपात झाला किंवा बाळ मृत जन्मलं तर पुढच्या गरोदरपणात नव्याने अर्ज करता येतो. हे कोणी आपणहून सांगत नाही, आणि अशा वेळी घरातलंही कोणी विचारत नाही.

फॉर्मला पैसे पडत नाहीत. कुणी मागितले किंवा अर्ज लटकला तर 14408 या क्रमांकावर फोन करा.