शब्दांचा वाटा खरोखर ७ टक्केच?

ताळगाव पठारावरील गोवा विद्यापीठात असो वा म्हापसा-मडगावच्या महाविद्यालयांत, परिषदेत शोधनिबंध मांडू पाहणाऱ्या विद्यार्थ्याला एक सल्ला अनेकदा ऐकावा लागतो: श्रोत्यांवरील प्रभावात शब्दांचा वाटा ७ टक्के, आवाजाचा ३८ आणि देहबोलीचा ५५ टक्के असतो. हे आकडे संशोधनातूनच आले आहेत, परंतु त्यांना चिकटवलेला अर्थ चुकीचा आहे.

१९६७ साली अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन प्रयोग प्रसिद्ध केले. एकात सुटे शब्द निरनिराळ्या स्वरांत ऐकवले गेले. दुसऱ्यात ‘कदाचित’ या अर्थाचा एकच शब्द वेगवेगळ्या सुरांत ऐकवून सोबत चेहऱ्यांची छायाचित्रे दाखवली गेली, आणि बोलणाऱ्याच्या मनात समोरच्याविषयी आवड आहे की नावड, एवढेच श्रोत्यांना ओळखायचे होते. तेथे सलग वाक्य नव्हते, युक्तिवाद नव्हता, आणि ५५ टक्के वाटा चेहऱ्याचा होता, हातवाऱ्यांचा नव्हे. भावना वा आवडनिवड यांपलीकडे ७-३८-५५ ची ही सूत्रे लागू होत नाहीत, असे खुद्द मेहराबियन यांनीच स्पष्ट केले आहे.

खाजन (खाडीकाठी बांध घालून राखलेल्या) जमिनीतील क्षारतेवर किंवा कदंबकालीन शिलालेखाच्या वाचनावर बोलणाऱ्याने नमुने कसे निवडले, अक्षरे कशी लावली, हे केवळ चेहऱ्यावरून कोणाला कळणार? स्पष्ट आवाज आणि श्रोत्यांकडे पाहणे आवश्यकच आहे. तथापि तयारीचा बहुतेक वेळ मुद्द्यांचा क्रम, पुराव्याची मांडणी आणि संभाव्य प्रश्नांची उत्तरे यांनाच द्यावा.