घटस्फोटात ठरलेले पैसे थकले: दरखास्त की अवमान याचिका?

संमतीने घटस्फोट झाला, एकरकमी रक्कम तीन हप्त्यांत द्यायचं ठरलं आणि शेवटचा हप्ता आलाच नाही. मग जो भेटेल तो सांगतो, "हा कोर्टाचा अवमान आहे, थेट अवमान याचिका टाक." पण अवमान याचिका शिक्षेसाठी असते. पैसे वसूल होतात ते दरखास्तीतून, म्हणजे कोर्टाच्या हुकूमनाम्याची (डिक्रीची) अंमलबजावणी मागणाऱ्या अर्जातून.

दरखास्त साधारणपणे हुकूमनामा देणाऱ्या कौटुंबिक न्यायालयातच करायची. कौटुंबिक न्यायालय कायदा, 1984 च्या कलम 18 मुळे तिला दिवाणी प्रक्रिया संहिता लागू होते. म्हणजे बँक खात्याची जप्ती, पगाराच्या ठरावीक भागाची जप्ती, स्थावर मालमत्तेचा लिलाव, सगळं मागता येतं. समोरच्याकडे काय आहे हेच माहीत नसेल, तर याच संहितेच्या आदेश 21 नियम 41 खाली त्याच्याकडून मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र मागवता येतं. कोर्टाचा आदेश होऊनही ते दिलं नाही, तर तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैद होऊ शकते. मला ही तरतूद फार मोलाची वाटते, कारण "माझ्याकडे काहीच नाही" हे शपथेवर लिहून देणं सोपं नसतं. आणि फ्लॅट नावावर करून द्यायचा होता पण सही टाळली जातेय, असं असेल तर नियम 34 प्रमाणे कोर्ट त्याच्या वतीने दस्त करून देऊ शकतं.

अवमानाची शिक्षा द्यायचा अधिकार कौटुंबिक न्यायालयाला नाही, त्यासाठी उच्च न्यायालयात जावं लागतं. आदेश जाणूनबुजून मोडला हे तिथे दाखवावं लागतं. खरोखर नोकरी गेली म्हणून हप्ता चुकला असेल तर ते अवघड आहे. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत साधी कैद, 2000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि मनापासूनची माफी कोर्टाला पटली तर तीही टळते. समोरच्याने पैसे भरण्याची किंवा घर न विकण्याची हमी स्वतंत्रपणे कोर्टाला दिली असेल आणि तीच मोडली असेल, तर मात्र ही याचिका जरूर करावी. दरखास्त त्यासोबत चालू ठेवता येते.

मुदतीतला फरक मोठा आहे. अवमानाची कारवाई घटनेपासून एका वर्षात सुरू व्हायला हवी. दरखास्तीला 12 वर्षं मिळतात, आणि हप्ते असतील तर प्रत्येक हप्त्याची मुदत तो चुकल्या तारखेपासून मोजतात. तरी थांबू नका, तोवर मालमत्ता विकली जाते.

यातलं काहीही करण्याआधी हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत काढा. तडजोडीच्या अटी त्याचा भाग झाल्या आहेत का, हे बघा. नसतील तर दरखास्तीचा पायाच डळमळतो. उशिराच्या व्याजाचंही बघा. रकमेच्या हुकूमनाम्यात पुढच्या व्याजाचा उल्लेख नसेल, तर ते नाकारलं असं कायदा धरतो आणि दरखास्तीत ते मिळत नाही. अटी अजून लिहायच्या असतील, तर व्याजाचा दर आत्ताच त्यात घालून घ्या.