खाडीतील पोषकद्रव्य प्रदूषण आणि सातारा-सांगलीचे पाणी

नत्र आणि स्फुरद पाण्यात गरजेपेक्षा जास्त उतरले की शेवाळ माजते. ते मरून कुजताना पाण्यात विरघळलेला प्राणवायू संपतो आणि मासे पृष्ठभागावर तोंड काढू लागतात. नदीचे गोडे पाणी भरतीच्या खाऱ्या पाण्यात मिसळते त्या खाडीत हे घडले, तर त्याचे मूळ बहुधा शेकडो किलोमीटर वर असते. सातारा-सांगलीला समुद्रकिनारा नाही, तरी इथले पाणी दोन खाड्यांना जाते. महाबळेश्वरला उगम पावणारी कृष्णा सुमारे १,४०० किमी वाहून आंध्र प्रदेशात हंसलदीवीजवळ बंगालच्या उपसागराला मिळते. कोयना धरणातले बरेचसे पाणी मात्र बोगद्यांतून कोकणातल्या पोफळीच्या वीजगृहाकडे उतरते आणि वाशिष्ठीतून दाभोळच्या खाडीत जाते.

कृष्णाकाठी नत्राचा माग उसाच्या सरीतून सुरू होतो. आडसाली उसाला हेक्टरी ४०० किलो नत्राची शिफारस आहे. त्यातला ४० टक्के हप्ता लागणीनंतर ६ ते ८ आठवड्यांनी द्यायचा असतो. लागण जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत होते, म्हणजे हा हप्ता बऱ्याचदा सप्टेंबरात, पाऊस संपायच्या आत पडतो. युरियाच्या ४५ किलोच्या पोत्यात जेमतेम २१ किलो नत्र असते. ते फोकून वर भरपूर पाणी सोडले की मुळांना न लागलेला भाग नायट्रेट होऊन खाली झिरपतो. मिरज-वाळव्याकडच्या चोपण, म्हणजे क्षार साचून निचरा मंदावलेल्या रानात सच्छिद्र पाइप पुरून निचरा काढतात. रान सुधारते, यात शंका नाही. पण तोच पाइप नायट्रेटला ओढ्यापर्यंतची जवळची वाट करून देतो. निचऱ्याचे फायदे सांगताना ही बाजू सहसा राहून जाते.

स्फुरदाची चाल वेगळी. तो मातीच्या कणांना चिकटतो, गाळाबरोबर वाहतो आणि अलमट्टी ते नागार्जुनसागर अशा धरणांत बराचसा अडकतो. गोड्या पाण्यात शेवाळाची वाढ बहुधा स्फुरदावर अडते, किनाऱ्याच्या पाण्यात बहुधा नत्रावर. त्यामुळे नुसता स्फुरद कमी केला तर सांगलीच्या बंधाऱ्यामागचे पाणी निवळेल, हंसलदीवीला फारसा फरक पडणार नाही. शहरी सांडपाण्यात दोन्ही असतात. सांगलीत त्यासाठी शेरीनाल्याचे नाव सर्वांच्या तोंडी आहे.

हा सगळा जमाखर्च गणितात मांडणे म्हणजे प्रतिमान. स्ट्रीटर आणि फेल्प्स यांनी १९२५ मध्ये ओहायो नदीसाठी प्राणवायूच्या घटीचे समीकरण दिले. सांडपाणी मिसळल्यावर प्राणवायू किती खाली जाईल आणि किती अंतरावर सावरेल, हे त्यातून काढता येते. आजची प्रतिमाने पाऊस, माती, पीक, खताचे हप्ते आणि भरती-ओहोटी एकत्र धरतात. खाडीपुरता कळीचा आकडा म्हणजे पाणी तिथे किती दिवस थांबते.

प्रतिमान चुकते, हे गृहीत धरून आखलेले नियोजन ते अनुकूली नियोजन : उपाय करा, मोजा, आराखडा दुरुस्त करा. होलिंग या परिसंस्था-अभ्यासकाने १९७८ च्या सुमारास ही पद्धत मांडली. तिचा मोठा प्रयोग अमेरिकेतल्या चेसापीक उपसागरात झाला. तिथे २०१० मध्ये नत्र २५ आणि स्फुरद २४ टक्क्यांनी घटवण्याची मर्यादा ठरली, २०२५ ची मुदत पडली आणि दर दोन वर्षांचे टप्पे आखले गेले. सस्क्वेहॅना नदीवरचे कोनोविंगो धरण २०२५ पर्यंत गाळ अडवत राहील असे हिशेबात धरले होते. मधल्या आढाव्यात दिसले की ते आधीच भरत आले आहे, आणि त्यामुळे खाली येणाऱ्या नत्र-स्फुरदाचा जास्तीचा भार वेगळा वाटून घ्यावा लागला. नत्राचे उद्दिष्ट मुदतीत गाठता आले नाही. भूजलात मुरलेला नायट्रेट नदीत उतरायला वर्षे, कधी दशके लागतात, हे त्यामागचे एक कारण. कृष्णेवरच्या धरणांचा गाळ मोजताना कोनोविंगोची ही गोष्ट हाताशी ठेवावी.

दाभोळचा हिशेब याहून निराळा. कोयनेतून पश्चिमेला वर्षाला ६७.५ टीएमसी, म्हणजे सुमारे १९१ कोटी घनमीटर पाणी वळवण्याची मुभा राज्यांमधला पाणीतंटा सोडवणाऱ्या कृष्णा लवादाने दिली. कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाभोवती जंगल दाट असल्याने हे पाणी उसाच्या पट्ट्यातल्या पाण्याइतके खत आणत नाही. त्याचा परिणाम मुख्यतः खारेपणावर आणि पाणी थांबण्याच्या काळावर होतो. उन्हाळ्यात कोकणातल्या इतर नद्या आटतात, वाशिष्ठी वाहती असते. पण कोयनेची वीज प्रामुख्याने मागणी वाढेल तेव्हाची. संध्याकाळी दिवे लागले की जनित्रे जोरात, मध्यरात्री मंद, आणि प्रवाह त्याबरोबर खाली-वर होतो. प्रतिमानाला महिन्याची सरासरी दिली तर यातले काहीच दिसत नाही. वीजगृहाची तासातासाची नोंद भरतीच्या वेळापत्रकाशेजारी ठेवावी लागते.